टेलरमावशींच्या दाताची खाच

टेलरमावशींना हसू आलं, की आधी त्यांचा डावा हात उठायचा. हातात टेप असो, कापड असो नाहीतर चहाचा कप, तो बाजूला ठेवला जायचा, पंजा तोंडावर यायचा आणि मगच हसणं सुरू व्हायचं. हसायच्या मात्र मनापासून. खांदे हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पायाखालचं मशीनसुद्धा थांबायचं. फक्त तोंड कुणाला दिसायचं नाही. शेजारच्या चप्पलवाल्याला वाटायचं, बाई लाजाळू आहेत. लाजाळू वगैरे काही नव्हत्या. कोट घरी अर्धवट उसवून, वाट लावून आणणाऱ्या माणसाला त्या भर दुकानात असं काही फैलावर घ्यायच्या, की पुढच्या वेळी तो बायकोला पाठवायचा.

कारण होता समोरचा दात. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी डावीकडच्याला टोकाशी खाच पडली होती आणि त्याच्या शेजाऱ्याचा कोपरा उडाला होता. आरशाला नाक चिकटवून पाहिली तर खाच मोठी, चार पावलांवरून पाहिली तर कुणाच्या लक्षातही न येणारी. पण स्वतःच्या दाताकडे चार पावलांवरून कोण बघतं? मावशींच्या लेखी त्यांच्या तोंडात त्या खाचेशिवाय दुसरं काही नव्हतंच.

त्यांचा नवरा पूर्वी बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर तो दुकानात येऊन बसायला लागला आणि बसल्या बसल्या उसवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. आखूड झालेल्या पँटा, घट्ट झालेले कोट, चुकलेल्या शिवणी, सगळं त्याच्याकडे. बारीक पातं घेऊन एकेक टाका तो इतक्या हळुवारपणे सोडवायचा, की कापडाला पत्ता लागू नये. बायकोला हसवणं हा त्याचा दुसरा उद्योग. तिचं हसू तो डोळ्यांवरून आणि खांद्यांवरून ओळखायचा. तोंडावरून ओळखायची वेळ इतक्या वर्षांच्या संसारात जवळजवळ आलीच नव्हती. त्याचं त्याला वाईट वाटायचं. बोलून उपयोग नाही, हेही त्याला कधीच कळून चुकलं होतं.

आणि मग तो फोटो आला.

नात शाळा सुटली की थेट दुकानात यायची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण कपडे घालून बघायच्या मोठ्या आरशासमोर ती स्वतःभोवती गरगर फिरायची आणि चक्कर आली की चिंध्यांच्या ढिगावर धपकन पडायची. एका संध्याकाळी तिला न्यायला आलेल्या सुनेनं पिशवीतून वर्गाचा फोटो काढला आणि मशीनवर ठेवला.

"आई, रागावू नका हं. पण हे बघा."

फोटोत सगळी पोरं बत्तिशी काढून हसत होती. दुसऱ्या रांगेत भिंगरी होती. तिचा डावा हात तोंडावर होता.

"शिंक आली असेल," मावशी म्हणाल्या.

"शिंक नाही, आई. हल्ली घरीसुद्धा हसताना हात लावते. मी विचारलं तर म्हणाली, असंच हसतात. आजी हसते तसं."

पोरीचे दात पांढरे, एकसारखे, लपवण्यासारखं त्यात काडीचंही नव्हतं. आपली सवय, आपली लाज, सगळं त्या सहा वर्षांच्या पोरीनं आपल्याकडून आयतं उचललं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. सून गेली, नवऱ्यानं दिवे लावले, तरी त्या तशाच बसून होत्या.

"माझं सोडा हो," शेवटी त्या म्हणाल्या. "मी हात लावून लावून साठी गाठली. पण हिनं का?"

दुसऱ्याच दिवशी त्या दातांच्या डॉक्टरांकडे निघाल्या. दवाखाना त्याच रस्त्यावर, बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात ताज्या पावाचा वास यायचा आणि वर गेलं की औषधाचा. डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, त्यांचे पांढरे कोट मावशीच शिवायच्या. सोबत नवरा होता आणि शाळेला सुट्टी म्हणून भिंगरी. तिला कोपऱ्यातलं फिरतं स्टूल सापडलं, त्यामुळे तिची चिंता मिटली.

"मला चिनी मातीचे दात बसवा," मावशींनी खुर्चीवर बसता बसताच सांगून टाकलं. "समोरचे सगळे. एकदम पांढरे. टीव्हीवरच्या बायकांचे असतात ना, तसे."

डॉक्टरांनी दिवा ओढला आणि शांतपणे बघून घेतलं. "खाच एका दाताला आहे, कोपरा दुसऱ्याचा गेलाय. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मावशींचा हात वर जायला लागला. तोंडात आरसा होता म्हणून अर्ध्यावर थांबला.

"हे बघा मावशी, ते दात नसतात. दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पोर्सेलीनचा पापुद्रा असतो, नखाएवढा पातळ. तो बसायला जागा लागते, म्हणून दाताचा वरचा थर जरासा घासावा लागतो. तो परत येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, हे वाढत नाही. एकदा घासला, की त्या दातावर कायम काहीतरी घालून ठेवावंच लागतं. आणि पापुद्रा काही जन्माला पुरत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो, कुणाचा आधी, कुणाचा उशिरा. म्हणून चांगल्या दाताला मी उगाच हात लावत नाही."

कापड कापण्याच्या धंद्यातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको होतं.

"दात भरायच्या साध्या मसाल्यानं खाच भरून बघू आधी? त्यात घासावं लागत नाही फारसं."

"भरलीय. तुम्ही इथे यायच्या आधी, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून. दोनदा भरली, दोनदा पडली. नीट भरली नसणार त्यांनी."

"समोरच्या दातांनी काही तोडता का? नखं? टाचण्या धरता तोंडात?"

"छे! टाचण्यांना मनगटावर गादी आहे माझ्या."

"दोरा?"

"दोऱ्याला कात्री असते की. तरुणपणी तोडायचे कधीमधी. सोडून कितीतरी वर्षं झाली."

कोपऱ्यातलं स्टूल फिरायचं थांबलं. "आजी रोज दातानंच तोडते," भिंगरी म्हणाली. "अशी. कट्."

"काहीतरीच काय बोलतेस!" मावशी उठून बसल्या. "अहो, तुम्ही सांगा ना."

नवरा छताकडे बघायला लागला. "मी काय सांगणार? मी उसवण्यात असतो," तो म्हणाला, आणि ते उत्तर सगळ्यांना पुरलं.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. दातांच्या कडा ज्या तऱ्हेनं झिजल्या होत्या, त्यावरून डॉक्टरांनी विचारलं, की झोपेत दात खाता का. याला मात्र नवऱ्यानं उत्साहानं साक्ष दिली. रोज रात्री दळण चालू असतं, म्हणाला, फक्त पीठ तेवढं मिळत नाही. डॉक्टर हसल्या नाहीत. हिरड्यांतून रक्त येतंय, मागच्या एका दाताला कीड आहे, आधी ती कामं करायची, असं म्हणाल्या. पाया ओलसर असताना भिंतीला रंग देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "आणि सगळ्यात आधी दोरा सोडा. तो सुटला, की माझ्याकडे या. नाहीतर मी पापुद्रा लावीन आणि तुम्ही आठवड्यात माझ्या हातात आणून द्याल."

मावशी धुसफुसतच जिना उतरल्या. पोरीनं काहीतरी बरळावं आणि डॉक्टरांनी ते खरं मानावं! दुकानात येऊन त्यांनी एक शर्ट पुढ्यात ओढला आणि बटण लावायला घेतलं. चार टाके घातले, गाठ मारली. डाव्या हातात शर्ट ताणलेला होता, उजव्या हातात सुई होती, आणि मान आपली आपण खाली गेली. कट्. दोरा तुटला. तुटलेलं टोक जिभेवर राहिलं.

त्यांनी ते काढून तळहातावर ठेवलं.

तरुणपणी त्या एका मोठ्या टेलरच्या हाताखाली शिकायला होत्या. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना मशीनं, मध्ये कापायचं टेबल आणि टेबलामागे मास्तर. मास्तर कामाचा पक्का आणि तोंडाचा फाटका. एकदा त्यानं हिला दातानं दोरा तोडताना पाहिलं आणि टेबलावरून ओरडला, "ए, उंदीर आहेस का?" सगळी मशीनं थांबली आणि सगळी खोली हसली. तिच्या दाताला तेव्हा नुकती बारीकशी खाच पडायला लागली होती. मास्तरला ती दिसली असेल, तिच्या भल्यासाठीच बोलला असेल. पण त्या दिवसापासून तिथं तिचं नाव उंदीर पडलं ते पडलंच, आणि त्याच दिवशी हात पहिल्यांदा तोंडावर गेला.

मास्तर ओरडला होता तो दोऱ्यासाठी. दोरा काही सुटला नाही. सुटलं ते तोंड उघडून हसणं. इतकी वर्षं आपण कात्री वापरतो अशी शपथ खाल्ली असती त्यांनी, कारण त्या ओरडण्यानंतर काहीतरी बदललं होतं खरं, आणि बदललं ते दोऱ्याचंच असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांना स्वतःचा राग आला, मास्तरचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. नवऱ्यानं पातं खाली ठेवलं आणि काही न विचारता चहा सांगायला उठला.

दोरा सोडायची मोहीम दुसऱ्या दिवशी सुरू झाली. भिंगरीनं लाल फितीला छोटी कात्री बांधून आजीच्या गळ्यात अडकवली. नवऱ्यानं हॉर्नचं काम अंगावर घेतलं. मावशींची मान खाली गेली, की तो जागेवरून "पॉम, पॉम" असा आवाज काढायचा. बस सुटून वर्षं झाली होती पण हॉर्न अजून खणखणीत होता. माप द्यायला उभी असलेली माणसं दचकायची, एक म्हातारे गृहस्थ तर बाजूला सरकून रस्ता द्यायला लागले. मावशी चिडायच्या, मग हसायच्या, हात तोंडावर जायचा. दिवसातून किती वेळा हॉर्न वाजतोय हे ऐकून त्यांची त्यांनाच शरम वाटायला लागली. मधल्या काळात हिरड्या साफ झाल्या, कीड भरून झाली, आणि हॉर्न हळूहळू कमी झाला.

तेव्हा डॉक्टरांनी त्या दोन दातांवर कच्चे दात लावले. त्या दातांना कच्चे म्हणाल्या त्या मावशीच. दाताला जराही न घासता, वरून नुसता मसाल्याचा थर चढवून, होणारे दात कसे दिसतील ते आधी बघायचं. बोलून बघायचं, खाऊन बघायचं, घरच्यांना दाखवायचं, आणि नाही आवडलं तर काढून टाकायचं. "तुम्ही नाही का कोट आधी कच्च्या टाक्यांवर अंगात घालून बघायला लावत? तसंच," डॉक्टर म्हणाल्या. पहिल्या दिवशी एक दात जरा लांब झाला होता आणि मावशींच्या प्रत्येक 'स'मधून शिट्टी वाजायची. 'सून' म्हणाल्या तरी शिट्टी, 'सासरे' म्हणाल्या तर दोन. डॉक्टरांनी तेवढा कमी केला. मग मावशी दुकानातल्या आरशासमोर एकट्याच उभ्या राहिल्या आणि ओठ उघडून, हळूच, कुणी बघत नाही ना हे पाहून, स्वतःकडे बघून हसल्या. सुंदर दिसत होतं. खरंच सुंदर दिसत होतं.

आणि दोन दिवसांनी ते बोंबललं. शाळा उघडायची वेळ आली होती, गणवेशांचा डोंगर पडला होता. नवरा कपडे पोचवायला गेला होता, म्हणजे हॉर्न बाहेरगावी. कात्रीची फीत मानेला घासते म्हणून मावशींनी ती थोडा वेळ खुंटीला लावली होती. खिसा लावला, गाठ मारली, मान गेली. कट्. या वेळी दोरा तुटलाच, पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी तुटलं आणि निळ्या खिशावर पांढरा तुकडा पडला.

तो तुकडा मुठीत घेऊन त्या वर गेल्या. आता डॉक्टर फाडून खाणार, या तयारीनंच गेल्या होत्या. आपण गिऱ्हाइकांचं काय करतो ते त्यांना माहीत होतं.

"बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"बरं कसं काय?"

"कच्चा टाका तुटलाय, कापड शाबूत आहे. हाच पक्का असता तर पोर्सेलीन गेलं असतं, आणि खाली घासलेला दात राहिला असता."

"म्हणजे आता नाही बसवणार तुम्ही."

"बसवणार. पण मावशी, तुमच्या डोक्याला कळलंय. मानेला कळायचंय अजून. तोडता त्या वेळी तुमचे हात कुठे असतात?"

मावशींनी हवेत शर्ट धरला, हवेत सुई धरली, आणि त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही हात अडकलेले असतात. कात्री गळ्यात असली काय आणि खुंटीला असली काय, ती उचलायला तिसरा हात कुठून आणायचा? इतकी वर्षं तो तिसरा हात तोंड होतं.

हे ऐकल्यावर नवरा कामाला लागला. त्यानं लाकडाच्या पट्टीला बारीक चीर पाडली, तिच्यात आपलं उसवायचं जुनं पातं बसवलं, धार आत राहील आणि बोट लागणार नाही असं, आणि ती पट्टी टेबलाच्या कडेला, मावशींच्या उजव्या कोपराजवळ ठोकली. सुई हातात असतानाच दोरा नुसता तिच्यावरून ओढायचा. पहिले काही दिवस मान खाली जायची आणि वाटेतून परत यायची. मग जाणंच थांबलं. हॉर्न वाजेनासा झाला, तेव्हा चप्पलवाल्यानं येऊन काकांची तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

रंग ठरवायच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी लवकर बोलावलं. दिव्याखाली रंग फसवतो, आणि तोंड बराच वेळ उघडं राहून दात सुकले, की आहेत त्याहून पांढरे दिसतात, म्हणून आल्या आल्या खिडकीपाशी नेऊन नमुने दाताला लावून पाहिले. निरनिराळ्या रंगांच्या दोऱ्यांची रिळं कापडाला लावून बघण्यात मावशींचा जन्म गेला होता, पण स्वतःच्या बाबतीत त्यांची अक्कल गहाण पडली. त्यांनी सगळ्यात पांढरा नमुना उचलला.

"गेल्या वर्षी मी एक जुना कोट आणला होता तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या बाह्या नव्या लावून द्या म्हटलं होतं. आठवतं, काय म्हणालात?"

मावशींना लख्ख आठवत होतं. जुन्या कोटाला नव्या बाह्या लावल्या तर लोक तुमच्याकडे नाही, बाह्यांकडेच बघतील, आणि मी असलं काम करत नाही, असं म्हणून त्यांनी कोट परत केला होता. त्यांनी पांढरा नमुना गुपचूप खाली ठेवला. शेवटी जो निवडला तो किंचित पिवळसर होता, साठीतल्या बाईच्या तोंडात शोभेल असा. पोर्सेलीनचा रंग नंतर बदलत नाही, बाकीच्या दातांचा बदलतो, म्हणून चहा जरा बेतानं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. या एका गोष्टीला मावशींनी होकारही दिला नाही आणि नकारही.

घासायच्या दिवशी हिरडीत सुई टोचली, ओठ बधिर झाला. डॉक्टर यंत्र हातात घेऊन थांबल्या. "कापू ना?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मावशी स्वतः रोज विचारायच्या. कापड टेबलावर पसरायचं, खडूच्या रेघा ओढायच्या, कात्री उघडायची आणि गिऱ्हाइकाकडे बघून विचारायचं, कापू ना? माणसं तेव्हा उगाच हसतात आणि बारीक आवाजात हो म्हणतात. का ते त्यांना आज कळलं. आता माघार नाही. फोटोतली भिंगरी डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी मान हलवली.

मग दातांचं माप गेलं कारागिराकडे, तोवर तात्पुरते दात लावून मिळाले. थंड पाणी लागलं की कळ मस्तकात जायची, ती काही दिवसांत ओसरली. पक्के पापुद्रे आले, तेव्हा ते आधी नुसतेच ठेवून बघितले, न चिकटवता. डॉक्टरांनी मावशींच्या हातात आरसा दिला, खिडकीपाशी नेलं, नवऱ्याला बोलावलं. "नीट बघून घ्या, काका. एकदा चिकटवले की उसवता येत नाहीत."

"मग इथं माझं काहीच काम नाही," तो म्हणाला, आणि तरी बराच वेळ बघत राहिला. "चिकटवा," म्हणाला.

निघताना मावशींना रात्री दातांवर घालायची पारदर्शक टोपी मिळाली आणि सूचना मिळाल्या. नखं नाहीत, बर्फ नाही, बाटलीची झाकणं नाहीत. रोज रात्री दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा.

"अहो, दोरा सोडा म्हणून जीव खाल्लात ना माझा?" मावशी म्हणाल्या.

"हा दोरा तोडायचा नाही. फिरवायचा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याही हसल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मावशींनाही तसंच वाटलं होतं. संध्याकाळी दुकानात सून आली, चप्पलवाला आला, सगळ्यांनी दात बघितले, वाहवा झाली. नवऱ्यानं झोपताना टोपी घालणाऱ्या दातांवरून काहीतरी फालतू विनोद केला. मावशींना हसू फुटलं, आणि डावा हात उठला. पंजा तोंडावर आला आणि त्याच्या आड त्यांचे नवे, सुंदर दात हसले. समोर चिंध्यांवर बसलेली भिंगरी हसली. तिचाही हात उठला.

दात झाला, हात तसाच. आणि हाताला काय घासणार, त्याला काय चिकटवणार? पुढचे कितीतरी दिवस त्या पहारा ठेवून होत्या, पण हसू सांगून येत नाही आणि हात त्याच्याही आधी यायचा. एकदा तर त्या भिंगरीवरच ओरडल्या. "हात खाली घे!" पोरीनं हात खाली घेतला. आणि हसायची थांबली. तोंड मिटून, भेदरून आजीकडे बघत राहिली. मावशींनी स्वतःचाच आवाज ऐकला आणि त्यांना तो ओळखीचा वाटला. लांबलचक खोलीतला, टेबलामागून आलेला. त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं खरं, पण त्यांना फार भीती वाटली. आपणही चांगल्यासाठीच ओरडलो होतो.

त्यानंतर त्या विषय काढेनात. डॉक्टर भेटल्या तर दात उत्तम आहेत म्हणून सांगायच्या. खोटं नव्हतं ते.

मग एका दुपारी भिंगरी शाळेतून आली ती दोन्ही हात तोंडावर ठेवून. दप्तर खांद्यावरून कोपरापर्यंत घसरलं होतं, तरी हात काढायला तयार नाही. तिच्या मागून आलेल्या सुनेनं खुणेनं सांगितलं, की समोरचा दात पडलाय आणि वर्गातली पोरं हसली. भिंगरीचे डोळे काठोकाठ भरले होते. आजोबांनी विचारलं, बोलेना. चप्पलवाल्यानं गोळी पुढे केली, घेईना.

मावशींच्या जिभेवर 'हात काढ बघू' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या मशीनवरून उठल्या, पायानं चिंध्यांचा ढीग जरा बाजूला सारला आणि मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, आज फिरायचं नाही?"

भिंगरीनं मान हलवून नाही म्हटलं.

"मी फिरणार आहे. पण मला एकटीला येत नाही. पडेन मी. धरतेस का?"

आजी फिरणार, हे ऐकून पोरगी बघतच राहिली. आजी पडेल, हे तिला खरं वाटलं असावं. तिनं आधी एक हात काढला, मग दुसरा. मावशींनी दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले, पायांशी पाय जुळवले आणि मागे रेलून गिरकी घेतली. आरसा फिरला, इस्त्रीचं टेबल फिरलं, लटकलेले कोट फिरले. नवऱ्यानं स्टूल घेऊन भिंतीचा आसरा घेतला. "अगं, साठीची आहेस!" तो ओरडला, पण ऐकतंय कोण. आधी भिंगरीला खुदकन हसू आलं, मग मावशींना आलं, नेहमी यायचं तसं, पोटातून. डावा हात वर जायला निघाला, पण तो पोरीच्या हातात होता. पोरीचाही निघाला होता, तो आजीच्या हातात होता. सोडला तर दोघी पडल्या असत्या. दोघींनी सोडला नाही, आणि तरी व्हायचं ते झालंच. दोघी चिंध्यांच्या ढिगावर धाडकन पडल्या, हात तसेच धरलेले, तोंडं सताड उघडी, आणि हसणं काही थांबेना.

नवऱ्याच्या हातातलं उसवायचं काम गुडघ्यावरून खाली घसरलं होतं. त्यानं ते उचललं नाही. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"आजी," भिंगरी धापा टाकत म्हणाली, "तुझे दात दिसतायत."

"तुझा एक दिसत नाहीये," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तिचे हात सोडले नाहीत.